चरायला सोडलं म्हणजे खायला घातलं असं नाही: मांसासाठी शंभर कोंबड्यांचा लॉट पिल्लापासून विक्रीपर्यंत

माझ्या सासूबाई दारात बारा-पंधरा गावरान कोंबड्या पाळायच्या. दिवेलागणीला डालग्याखाली डालायच्या, सकाळी डालगं उचलून मूठभर जोंधळे भिरकवायच्या, की झालं. उरलेलं पोट त्या कोंबड्या स्वतः भरायच्या. उकिरडा होता, गोठा होता, खळ्यातलं सांडलेलं दाणं होतं, भांडी घासायच्या जागचं खरकटं होतं. त्याच हिशेबानं मी पहिल्या वर्षी शंभर पिल्लं आणली आणि महिन्याची झाल्यावर सीताफळाच्या बागेत सोडून दिली. तीन महिन्यांनी ताणकाट्याला टांगली तर सहाशे ग्रॅमच्या आसपास. पिसं विस्कटलेली, छातीचं हाड हाताला लागणारं.

चूक जातीची नव्हती, बागेचीही नव्हती. एका उकिरड्यावर जेवढं सापडतं तेवढंच सापडतं. ते बारा जणींना पुरतं, शंभरांना वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला काहीच येत नाही. कोंबडी ही गाय नव्हे. गवताचा धागा पचवायचं पोट तिच्याकडे नाही. ती कोवळे शेंडे, बिया, किडे, अळ्या वेचते. मोकळ्या रानात चांगल्या पावसाळ्यातसुद्धा तिच्या गरजेचा दहावा, फार तर सातवा हिस्सा चरण्यातून भागतो, असा माझा अनुभव आहे. उरलेलं तुम्हालाच घालावं लागतं. चराईनं मांसाला चव आणि घट्टपणा येतो, पक्षी काटक होतो, बागेतलं तण नि कीड आटोक्यात राहते. हे सगळं खरं, पण चराई खाद्याची जागा घेत नाही. एवढं मनात पक्कं करूनच पुढचं वाचा.

आमचं रान पुरंदर तालुक्यात आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, हिवाळ्यात रात्री थंड. कोकणात किंवा विदर्भात असाल तर तारखा पुढेमागे होतील, काम तेच राहील.

आधी गिऱ्हाईक, मग पिल्लं

पिल्लं कधी आणायची हे पंचांग बघून ठरवा. सुधारित गावरान पक्षी विकायला साधारण बारा-तेरा आठवडे लागतात, म्हणून विक्रीच्या तारखेपासून मागे मोजायचं. श्रावणात मागणी पडते. नवरात्रात पडते. मार्गशीर्षातले गुरुवार जातात. उलट आषाढाच्या शेवटी गटारीला, दसऱ्यानंतर, डिसेंबरअखेरीस आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रा-जत्रांना पक्षी हातोहात जातो. तयार झालेला पक्षी श्रावण संपेपर्यंत थांबवला तर रोज खाऊन नफा खातो, कारण त्या वयात तो दिवसाला शंभर ग्रॅम खातो आणि वजन मात्र सावकाश घेतो.

माझा आवडता लॉट जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणलेला. पिल्लं ऑगस्टमध्ये बाहेर पडतात तेव्हा रान हिरवं असतं, किडा भरपूर असतो. सप्टेंबरअखेर वजन भरतं आणि दसरा उलटला की विक्री सुरू होते. पहिल्यांदाच करत असाल तर याच वेळेला करा. जानेवारीत पिल्लं घेऊन यात्रांसाठी केलेला लॉट पैसा जास्त देतो, पण त्यात ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचं काम, थंडीत आणि चराई वाळक्या माळावर असते. तो हात बसल्यावर करायचा.

जात कोणती

पांढरा ब्रॉयलर बाहेर सोडायच्या फंदात पडू नका. तो पाच-सहा आठवड्यांत दोन किलो व्हायला तयार केलेला पक्षी आहे. भांड्यापाशी बसून खातो, पाय लवकर थकतात आणि आपल्या उन्हात धापा टाकून मरतो. रानात त्याला सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अस्सल गावरान चरण्यात सगळ्यात हुशार, पण किलोभर व्हायला पाच-सहा महिने घेते. कडकनाथही तसाच सावकाश वाढतो. मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा पक्षी, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं गिऱ्हाईक वेगळं आणि भाव वेगळा. ते गिऱ्हाईक आधी हातात असेल तरच घ्या.

मधला मार्ग म्हणजे रंगीत सुधारित जाती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा, आणि कावेरीसारख्या आणखी काही. दिसायला गावरान, अंगावर रंगीबेरंगी पिसं, पाय भक्कम, बारा आठवड्यांत सव्वा ते दीड किलो. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथं आधी नोंदणी करावी लागते. खासगी हॅचरीतून घ्यायची तर पहिल्या दिवशी मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचली आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आणि एक गोष्ट मनापासून सांगते: ही पिल्लं वाढवून ‘अस्सल गावरान’ म्हणून विकू नका. गिऱ्हाइकाला जात सांगा, काय खायला घातलं ते सांगा. तो परत येतो.

पहिले चार आठवडे

अर्धा लॉट इथंच जिंकला किंवा हरला जातो. चराईबद्दल सगळे बोलतात, या चार आठवड्यांबद्दल फार कमी.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी जागा तयार हवी. खोली झाडून, चुना मारून, वाळवून घ्या. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन-चार दिवस जुनी वर्तमानपत्रं, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. शंभर पिल्लांना पाच-सहा फूट व्यासाचं गोल कडं करा, दीड फूट उंच पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं. हेच चिकगार्ड. कोपरा ठेवायचा नाही, कारण पिल्लं कोपऱ्यात दाटतात आणि खालची गुदमरून मरतात.

ऊब पहिल्या आठवड्यात जमिनीलगत ३५ अंश सेल्सिअस हवी. पुढं दर आठवड्याला तीन-एक अंश कमी करत न्यायचं. पिल्लामागे एक ते दोन वॅट हा जुना हिशेब आहे, पण तो पिवळ्या तारेच्या बल्बचा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तारेचे बल्ब मिळत नसतील तर २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा घ्या आणि साखळीला टांगा, म्हणजे वर-खाली करता येतो.

थर्मामीटर लावाच, पण खरं तापमान पिल्लं सांगतात. दार हळूच उघडून दोन मिनिटं नुसतं ऐका. दिव्याखाली गठ्ठा करून बसली असतील आणि चिरका, एकसारखा चिवचिवाट असेल तर गारठली आहेत. दिव्यापासून लांब कडेला चिकटून, पंख पसरून, चोची उघड्या टाकून असतील तर उकडतंय. सगळ्या कड्यात सारखी विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय लांब करून झोपली आहेत आणि आवाज नुसता पुटपुटल्यासारखा, तर बरोबर आहे. एखादं पिल्लू उचलून त्याचे तळपाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर दिवा चार बोटं खाली घ्या.

माझ्या दुसऱ्या लॉटमध्ये डिसेंबरातल्या एका रात्री दोन वाजता वीज गेली. मला जाग आली पाचला. बावीस पिल्लं एकमेकांखाली चेंगरून गेली होती. तेव्हापासून कड्याशेजारी कोळशाची शेगडी आणि पाच-सहा प्लास्टिकच्या बाटल्या तयार असतात. वीज गेली की बाटल्यांत कढत पाणी, त्यावर गोणपाट, आणि त्या कड्यात मधोमध. शेगडी पेटवली तर एक खिडकी उघडी ठेवायचीच. बंद खोलीत कोळशाचा धूर पिल्लांचाच नाही, आपलाही जीव घेतो.

पिल्लं आली की आधी पाणी, खाद्य नंतर. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडायची. शंभर पिल्लांना अर्धा तास जातो, पण त्यानं मर निम्मी होते असं मी माझ्या वहीवरून सांगते. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरायचा, संध्याकाळपासून स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. रात्री झोपायच्या आधी दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर खाणंपिणं दोन्ही झालंय. कडक दाणे लागले तर पाणी कमी पडलंय. रिकामी लागली तर ते पिल्लू भांड्यापर्यंत पोचलेलंच नाही, त्याला हातानं न्यावं लागतं.

पहिल्या सहा आठवड्यांचं खाद्य तयार घ्या, २० ते २१ टक्के प्रथिनांचं. इथं घरच्या भरड्यावर भागवू नका. याच वयात हाडं आणि पिसं बनतात, आणि इथं मागे पडलेला पक्षी पुढं कितीही घातलं तरी भरून काढत नाही.

रान आणि निवारा

शंभर पक्ष्यांना मी चार गुंठे धरते, म्हणजे पक्ष्यामागे साधारण चार चौरस मीटर. मधोमध रात्रीचं खुराडं, पक्ष्यामागे किमान एक चौरस फूट, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे ऊन थेट आत येत नाही. आत बसायला आडवे बांबू. कोंबडी मूळची रानकोंबडीच, तिला उंचावर बसूनच निवांत झोप लागते. खुराड्याभोवती चारी बाजूंना एक-एक गुंठ्याचे चार वाडे जाळीनं पाडायचे, प्रत्येकाकडे खुराड्याचं एक दार. आठवड्याला एक दार उघडायचं. म्हणजे एका वाड्याला तीन आठवडे विसावा मिळतो आणि गवत पुन्हा फुटतं.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, तळ नसलेला हलता पिंजरा रोज पुढं सरकवायची पद्धत आहे. मी एक बनवून पाहिला. गवताला उत्तम, खत सारखं पसरतं. पण आमच्याकडे पत्र्याखाली दुपारी भट्टी होते आणि रात्री कुत्र्यांनी एका बाजूनं उकरलं. पावसाळ्या-हिवाळ्यात, वरून पत्र्याऐवजी गवताचा पेंढा किंवा जाड गोणपाट घालून आणि रात्री पक्षी पक्क्या खुराड्यात हलवायची तयारी असेल तर करा.

वाडा मोकळा ठेवला आणि दाणापाणी खुराड्याच्या दारात ठेवलं तर पक्षी दारातच बसतात. दार चिखल होतं आणि पलीकडचं गवत तसंच वाढतं. पाण्याची आणि खाद्याची भांडी वाड्याच्या लांबच्या टोकाला ठेवा, दोन दिवसांनी जागा बदला. शिवाय आडोसा हवा. उघड्या माळावर कोंबडीला घारीची भीती असते, ती पुढं सरकत नाही. सीताफळ, आंबा, शेवगा, करंज, काहीही चालेल. झाडं नसतील तर चार खुंट ठोकून जुनी साडी बांधा; एका वाड्यात अशा दोन-तीन सावल्या केल्या की पक्षी एकीकडून दुसरीकडे धावत जातात आणि सगळा वाडा चरला जातो.

गवत गुडघाभर वाढू देऊ नका. वाड्यात सोडण्याआधी कापून चार बोटं ठेवा. उंच, राठ गवत त्यांच्या गळ्यात गुंता करतं, आणि कुसळी माजली असेल तर कुसळं घशात रुततात. त्यांना आवडतं ते कोवळी हरळी, घोळ, तांदुळजा, केना, कुंजरू. म्हणजे आपण खुरप्यानं काढून बांधावर फेकतो ते सगळं.

बागेत फवारणी करत असाल तर तो वाडा बंद. औषधाच्या डब्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा मी आठवडाभर जास्तच थांबते, कारण कोंबडी पान खातेच, शिवाय औषधानं मेलेला किडाही वेचून खाते.

बाहेर काढायचं चार-पाच आठवड्यांनी, पाठीवर पिसं पूर्ण आल्यावर. पहिल्या दिवशी दुपारी चारला दार उघडा, खाद्य न घालता. दोन तासांनी खुराड्यात खाद्याचा डबा वाजवा. भुकेली पिल्लं डब्याच्या आवाजावर आत येतात. तीन-चार दिवसांत हा आवाज त्यांच्या अंगवळणी पडतो आणि पुढचे दोन महिने तुम्हाला एकही पक्षी पकडून आत घालावा लागत नाही. ब्रूडिंगपासूनच खाद्य घालताना तोच डबा वाजवत राहिलात तर आणखी सोपं.

खाद्य: खर्चाचा आणि वजनाचा गाभा

या धंद्यात शंभरातले पासष्ट-सत्तर रुपये खाद्यावर जातात, म्हणून इथं जरा थांबू.

माझ्या वहीप्रमाणे एक सुधारित पक्षी पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा ग्रॅम खातो, चौथ्यात चौतीस-पस्तीस, आठव्यात सत्तरच्या जरा खाली, बाराव्यात नव्वद-पंच्याण्णव. बारा आठवड्यांची बेरीज साडेचार किलोच्या घरात जाते. म्हणजे शंभर पक्ष्यांना साडेचार क्विंटल. रान हिरवं असेल तर यातलं चाळीस-पन्नास किलो वाचतं. कोणी तुम्हाला ‘चरायला सोडा, खाद्याचा खर्च निम्मा होतो’ म्हणालं तर त्याचे पक्षी काट्यावर टाकून बघा.

सहाव्या आठवड्यानंतर खाद्य घरी बनवता येतं. शंभर किलोसाठी माझं प्रमाण असं आहे: मका ५० किलो, ज्वारी १०, सोयाबीन पेंड २४, भाताचा बारीक कोंडा १२, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, चुनखडी पावडर दीड किलो, मीठ ३०० ग्रॅम, आणि व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण ७०० ग्रॅम. प्रथिनं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास बसतात. मिश्रण घेताना त्यात मेथिओनिन आहे का ते पाकिटावर बघा. मका-सोयाबीनच्या खाद्यात हाच घटक आधी कमी पडतो, आणि तो कमी पडला की पक्षी एकमेकांची पिसं उपटायला लागतात. भरडा रव्यापेक्षा जाड आणि हरभरा डाळीपेक्षा बारीक काढा. पीठ केलं तर चोचीला चिकटतं आणि अर्धं पाण्यात जातं. मिसळताना मीठ-मिनरल आधी दोन किलो भरड्यात कालवा, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात. एकदम टाकलं तर एखाद्या पक्ष्याच्या वाट्याला मिठाचा खडाच येतो, आणि जास्त मिठानं कोंबडी मरते.

मक्याच्या जागी थोडा बाजरा किंवा तांदळाची कणी चालते, जे स्वस्त मिळेल ते. तीन गोष्टी मात्र चालत नाहीत. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातल्या घटकानं प्रथिनं पचत नाहीत. कारखान्याची पेंड भाजून निघालेली असते, म्हणून ती चालते. सरकी पेंड जनावरांची, कोंबडीची नव्हे. त्यातलं गॉसिपॉल पक्ष्याला बाधतं. आणि बुरशीचा मका किंवा शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी नको. पावसाळ्यात पोत्यात हात घालून बघा. आत उबारा लागला, कोंदट वास आला किंवा दाण्याच्या टोकाला काळं-हिरवं दिसलं तर ते अफ्लाटॉक्सिनचं घर समजा. उकळून, वाळवून ते विष जात नाही. यकृत खराब होतं, लस लागू होत नाही, आणि पक्षी कशानं मेले ते कळतही नाही. पोती जमिनीवर नाही, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आता वेळ. सकाळी दिवसाच्या खाद्याचा तिसरा हिस्सा, संध्याकाळी उरलेले दोन. सकाळी पोट गच्च भरलं तर पक्षी सावलीत बसतो. थोडं रिकामं असलं तर चरायला जातो. उन्हाळ्यात दुपारी खाद्य अजिबात नको, पचवताना अंगात उष्णता वाढते. रात्री भांड्यात खाद्य उरू देऊ नका, उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवली की सांडणं बरंच थांबतं.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागतं, उन्हाळ्यात तिप्पट-चौपट. सावलीत माठासारखं गार ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदला.

कोंबडीला दात नसतात. गवत, बिया, कीटकांची टणक पाठ हे सगळं तिच्या पेठ्यात खड्यांनी दळलं जातं, कलेजीसोबत मिळतो तोच हा पेठा. आमच्यासारख्या मुरमाड रानात ती खडे स्वतः शोधते. काळ्या मातीत असाल तर जाड वाळू किंवा बारीक कच एका पसरट भांड्यात कायम ठेवा. ही कच आणि शिंपल्याचा चुरा वेगळे. शिंपला पोटात विरघळतो, दळायचं काम करत नाही.

हिरवा चारा आणि किडा

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती. तिचं फार कौतुक होतं, म्हणून एकदा हिशेब मांडते. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. एक किलोतून कोरडं साठ-सत्तर ग्रॅम, त्यातली प्रथिनं बारा-पंधरा ग्रॅम. सोयाबीन पेंडीच्या एका किलोत साडेचारशे ग्रॅम. दहाव्या आठवड्यात शंभर पक्ष्यांना रोज सव्वाआठ किलो खाद्य म्हणजे सुमारे १४०० ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातला दहावा हिस्सा अझोल्यावर भागवायचा तर रोज दहा किलो ताजा अझोला हवा. घरच्या लहान खड्ड्यातून किलो-दीड किलो निघाला तरी खूप. घाला, जरूर घाला, जीवनसत्त्वं मिळतात, कातडी पिवळी होते. पण त्याच्या भरवशावर पेंड कमी करू नका.

माळ वाळला की, म्हणजे जानेवारीपासून, वाडे फिरवण्याला अर्थ उरत नाही; गवत पुन्हा फुटतच नाही. तेव्हा हिरवं बाहेरून आणायचं: लसूणघास, शेवग्याचा पाला, कोबी-फ्लॉवरची पानं, मेथीच्या काड्या. जुडी बांधून चोचीच्या वर वीतभर टांगा. जमिनीवर टाकलं तर तुडवतात, टांगलं तर उड्या मारून खातात आणि एकमेकांना टोचायचंही विसरतात. सुबाभळीचा पाला सहज मिळतो, पण मूठभरच, त्यातलं मायमोसिन कोंबडीला सोसत नाही.

किड्याची सोय करणं हा मला या सगळ्या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग वाटतो. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे बसतात. झाडाखाली साडी अंथरून फांदी हलवायची. एरवी लोक ते रॉकेलच्या पाण्यात टाकतात. मी सकाळी कोंबड्यांना टाकते, पण ओंजळभरच, जास्त झालं तर पोट बिघडतं. नांगरट चालू असेल तेव्हा पक्षी त्या वावरात सोडा, पांढऱ्या गुबगुबीत हुमण्या तासातून वेचून खातात. वाळवीचं मडकंही सोपं आहे. मडक्यात ओलं शेण, गव्हाचं काड आणि फाटक्या गोणपाटाचा तुकडा ठासून भरायचा, वाळवी दिसते तिथं माती उकरून मडकं पालथं घालायचं, वरून ओलं गोणपाट. एक-दोन दिवसांनी मडकं उचललं की आत वाळवी खदखदत असते. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांपुढं रिकामं केलं की पाच मिनिटांत शेण तेवढं उरतं. मेलेलं जनावर किंवा सडकं मांस ठेवून अळ्या करायचा प्रकार मात्र कधीही करू नका, त्या अळ्यांतून कोंबड्यांना मान लुळी पडून मरण येतं.

लस आणि आजार

मोकळ्या रानातल्या पक्ष्याला रानपाखरांची बाधा जास्त, म्हणून लस सोडायची नाही. आमच्याकडे चालतं ते वेळापत्रक: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी (हीही मानमोडीचीच) टोचून. तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाला दाखवून ते नक्की करा. लस बर्फाच्या थर्मासमधून आणा, संध्याकाळी गारव्याला द्या, कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) नको, आणि लिटरमागे चमचाभर साय काढलेल्या दुधाची पावडर घाला.

मानमोडी म्हणजे राणीखेत एकदा शिरली की औषध नाही. हिरवट हगवण, घरघर, मग मान पिळवटते. रक्ती हगवण मात्र लवकर ओळखली तर वाचवता येते, आणि ती नेमकी तीन ते सहा आठवड्यांच्या वयात, पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास येते. सकाळी खुराडं उघडलं की आधी तूस बघा. तपकिरी-लाल विष्ठा दिसली, दोन-चार पिल्लं पिसं फुगवून डोळे मिटून बसलेली दिसली, की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम पाण्यातून सुरू करा आणि ओलं तूस बाहेर काढा. या रोगाची अंडी ओल्या मातीत महिनोन् महिने टिकतात. म्हणून वाड्याला तीन आठवड्यांचा विसावा गवतासाठी पुरतो, रोगासाठी पुरत नाही. दोन लॉटच्या मध्ये रान उन्हात तापू द्या आणि जमल्यास पुढचा लॉट दुसऱ्या बाजूला करा.

जंतांचं औषध सातव्या-आठव्या आठवड्यात. कोणतंही औषध दिल्यावर विक्रीपूर्वी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर असतं. तेवढे दिवस पक्षी विकू नका, घरीही खाऊ नका.

जुन्या लॉटमध्ये नवी पिल्लं किंवा बाजारातला पक्षी मिसळायचा नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. तेव्हा लाखो पक्षी पुरावे लागले. एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात कळवा.

शत्रूंपैकी मुंगूस सगळ्यात चिवट. दोन बोटांच्या फटीतून शिरतं आणि एका फेरीत दहा मारतं. जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत बाहेरच्या बाजूला वळवून पुरा. लहान पिल्लांवर शिक्रा आणि कावळा झडप घालतात, म्हणून महिनाभर तरी डोक्यावर जाळी हवी. रानमांजर आणि कुत्रा आत शिरतात की नाही, ते खुराड्याच्या कडीवर ठरतं. रात्री दार स्वतः बघितल्याशिवाय झोपू नका.

वजन आणि विक्री

दर रविवारी सकाळी, खाद्य घालायच्या आधी, दहा पक्षी पोत्यात घालून ताणकाट्यावर. चौथ्या आठवड्यात साडेतीनशे ग्रॅम, आठव्यात साडेआठशे, बाराव्यात चौदाशे ते दीड किलो. पन्नास-साठ ग्रॅमनं मागे असाल तर खाद्याची भांडी वाढवा, कारण दुबळे पक्षी भांड्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन आठवडे ओळीनं मागे असाल तर जंत किंवा खाद्य, दोन्हीपैकी एक बिघडलंय.

पक्षी आदल्या रात्री अंधारात पकडा, दिवसा धावपळीत पंख मोडतात आणि मांसावर काळे डाग येतात. दोन्ही हातांत धड धरून उचला. कापायच्या आधी आठ-दहा तास खाद्य बंद, पाणी चालू. उन्हाळ्यात क्रेटमध्ये दाटी करू नका आणि गाडी पहाटेच निघू द्या.

लॉट संपला की तूस काढून ढीग करा, ओलं करून दोन महिने कुजवा, मग सीताफळाच्या आळ्यात टाका. ताजं टाकलं तर मुळं जळतात. खुराड्याला चुना मारा, भांडी ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून उन्हात पालथी घाला, आणि किमान तीन आठवडे दार उघडं ठेवून खुराडं रिकामं राहू द्या. पुढच्या पिल्लांची नोंदणी करायला हॅचरीला फोन या तीन आठवड्यांतच करायचा असतो, गटारीच्या लॉटसाठी तर फेब्रुवारीतच.